गल्लीतली एक वायर आणि चार घरांचं नेट



मागच्या पालकसभेत प्रगतीपुस्तकांवर सह्या झाल्या, सगळे गेले, तरी आठवीतल्या एका मुलीचे वडील बाकावरून उठेनात. वर्ग रिकामा झाल्यावर हळूच म्हणाले, "बाई, पोरगी रात्री मोबाईलवर काय बघते ते आपल्याला कळेल असं ॲप असतं म्हणे. तुम्ही टाकून द्याल का?"

मी विचारलं, "घरात नेट कुठून येतं?"

"केबलवाल्याचं आहे. चार घरांनी मिळून घेतलंय. डबा शेजारच्यांकडे, पैसे वाटून देतो."

"आणि पासवर्ड?"

"तो लाइनवरच्या पोराने टाकला तोच. दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. गल्लीत सगळ्यांचा तोच आहे की."

त्यांना मुलीवर नजर ठेवायची होती. पण ज्या दारातून हे सगळं घरात येतं त्या दाराची किल्ली गल्लीतल्या प्रत्येकाच्या खिशात होती, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतही नव्हतं. त्यांना कशाला दोष देऊ? मलाही चार वर्षांपूर्वी वाटत नव्हतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. राउटर हा शाळेत शिकवायचा विषय आहे. आणि तो कंप्युटरच्या सरांवर सोडून चालणार नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवते, तरी शिकवते. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा धडा आहे, मुलं त्यातून वर्ड-एक्सेल शिकतात. चांगलंच आहे. पण आमच्या गोवंडीतल्या किती घरांत एक्सेल उघडायला कंप्युटर आहे? लुकलुकणारा डबा मात्र दर दोन-तीन घरांआड आहे.

शिवाजी नगर किंवा बैंगनवाडीच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून मान वर करा. आकाशाची एक पट्टी दिसते आणि तिच्यावर वायरींचं जाळं. काळी जाड वायर टीव्हीच्या केबलची, निळी-करडी नेटची, आता त्यात बारीक काळी फायबरची. ही वायर एका दिवसात आलेली नाही. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्या बघायला लोकांनी गच्चीवर डिश लावल्या आणि मुंबईत केबलवाला नावाची जमात जन्माला आली. कायदा आला तो चार वर्षांनी, १९९५ मध्ये. मग ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत संपली, मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, जुनी केबल बंद झाली. तोपर्यंत हीच माणसं नेट द्यायला लागली होती. खांब त्यांचा नव्हता, पण खांबावर चढणारा पोरगा त्यांचा होता. मोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते त्या पोराने केलं: दहा बाय दहाच्या खोलीपर्यंत नेट नेलं. सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं. जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस असल्याशिवाय ब्रॉडबँड म्हणता येत नाही. मधल्या काळात वेग वाढला, पण डबा लावून देण्याची पद्धत तीच राहिली. पोरगा येतो, वायर खोचतो, पासवर्ड टाकतो, "चालू झालं बघा" म्हणतो आणि जातो.

मला स्वतःला या वायरीकडे बघायला लावलं ते लॉकडाऊनने. मार्च २०२० ला शाळा बंद झाली. आठवीपासून वरचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला भरले, पहिली ते सातवीचे तर १५ डिसेंबरला. तोवर शिकवणं म्हणजे मोबाईलचा छोटा चौकोन. माझा आवाज मुलांना जायचा, मुलांचा मला येताना तुटायचा. "बाई, मी... तर... आहे..." आणि मग गप्प. दोन-तीन मुलांच्या नावापुढे मी वहीत "उत्तर देत नाही" असा शेरा मारला होता. ती वही अजून आहे माझ्याकडे, शेरा वाचवत नाही.

कारण नंतर कळलं. टीव्हीच्या केबलवरून नेट येतं तेव्हा त्या एकाच तारेत जागा वाटलेली असते. खाली येणाऱ्या डेटाला, म्हणजे व्हिडिओ बघायला, रुंद पट्टा. वर जाणाऱ्याला, म्हणजे मुलाच्या आवाजाला आणि चेहऱ्याला, तारेतला अगदी खालचा अरुंद पट्टा: जुन्या पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, काही देशांत ६५ पर्यंत. आणि तो सगळ्या गल्लीने वाटून घ्यायचा. तार मुळात टीव्हीसाठी टाकलेली. टीव्हीला कोण उत्तर देतं? सकाळी आठ वाजता गल्लीतली सगळी मुलं एकदम "हजर बाई" म्हणायला लागली की वरचा रस्ता तुंबायचा. मुलं उत्तर देत होती, माझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

आता सुरक्षेचं. हे मुलांना मी हजेरीच्या उदाहरणाने सांगते.

केबल नेटमध्ये केबलवाल्याच्या मुख्य यंत्रातून निघणारा डेटा त्या तारेवरच्या सगळ्या घरांपर्यंत जातो. वर्गात मी मोठ्याने बोलते तेव्हा सगळेच ऐकतात तसं. ज्याचं नाव घेतलं त्याने ऐकायचं, बाकीच्यांनी सोडून द्यायचं. ही झाली सभ्यता, सुरक्षा नव्हे. एखाद्याने मुद्दाम कान लावला तर? म्हणून या तंत्राचे नियम जेव्हा पहिल्यांदा ठरले, १९९७ मध्ये, डॉक्सिस १.० या नावाने, तेव्हाच त्यात सांकेतिक भाषेची सोय ठेवली होती. प्रत्येक मोडेमशी त्याच्या वेगळ्या किल्लीने बोलायचं. म्हणजे ऐकू सगळ्यांना येईल, कळेल एकालाच.

पण एक मोठी फट राहिली. मोडेमने सांगितलेलं नाव खरंच त्याचं आहे का, हे तपासायची पक्की सोय नव्हती. हजेरीत "येस बाई" म्हणणारा आवाज दुसऱ्याच पोराचा असावा, तसं. एका मोडेमचा पत्ता दुसऱ्यावर चढवला की दुसऱ्याच्या पैशावर नेट. म्हणून १९९९ च्या १.१ आवृत्तीत मोडेमच्या पोटात कारखान्यातूनच सही-शिक्क्याचा दाखला घालायला सुरुवात झाली. नुसतं "येस बाई" चालणार नाही, दाखला दाखव. पुढे २००६ च्या ३.० मध्ये सांकेतिक भाषाही बळकट झाली, जुन्या ५६ बिटांच्या किल्लीच्या जागी १२८ बिटांची आली.

आणखी एक गंमत मुलांना फार आवडते. असा मोडेम चालू केला की लगेच नेट देत नाही. आधी तो तारेवर मुख्य यंत्राला शोधतो, मग पत्ता मागून घेतो, मग एक छोटी फाइल उतरवून घेतो. त्या फाइलीत लिहिलेलं असतं की या घराला किती वेग द्यायचा, काय चालू ठेवायचं, काय बंद. नव्या शाळेत नाव घालताना मूल जुन्या शाळेचा दाखला आणतं तशी ती फाइल. लोक त्यात खाडाखोड करून वेग वाढवून घ्यायचे, म्हणून तिच्यावरही गुप्त शिक्का असतो. शिक्का जुळला नाही तर मोडेमला प्रवेश नाही.

फायबरचंही थोड्याफार फरकाने तसंच. एका काचेच्या तंतूला फाटे फोडून बऱ्याच घरांना देतात, खाली येणारा प्रकाश सगळ्या घरांत पोहोचतो, आणि तो सांकेतिक करायची सोय असते.

"सोय असते" हे दोन शब्द मी फळ्यावर मोठे लिहिते. केबल असो की फायबर, ही सोय चालू करावी लागते. ती कोणी चालू केलीय का, हे आपल्याला डब्यावरचे दिवे बघून कळत नाही. केबलवाल्याला विचारावं लागतं, आणि आपण विचारतो फक्त "स्पीड किती?"

बरं, हे झालं कायदेशीर मोडेमचं. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी मोडेम नसतोच. जिन्यातल्या पेटीत एक साधा स्विच, त्यातून मजल्यावरच्या प्रत्येक घरात एकेक वायर. स्वस्त पडतं. त्याचा धडा मला माझ्याच इमारतीत मिळाला.

एका रविवारी सकाळी इमारतीतलं सगळं नेट गेलं. डब्यावर दिवे हिरवे, वायफाय जोडलेलं, पण काही उघडेना. केबलवाला दोनदा येऊन गेला, पेटी बंद-चालू केली, पाच मिनिटं चालायचं आणि पुन्हा ठप्प. संध्याकाळी त्याचा एक जुना लाइनमन आला. त्याने माझ्या राउटरला कुठला पत्ता मिळालाय ते बघितलं आणि हसला. म्हणाला, "बाई, हा पत्ता आमचा नाहीच. बिल्डिंगमध्ये कोणीतरी नवीन डबा आणलाय." दुसऱ्या मजल्यावर सापडला. त्यांनी नवा राउटर आणून बाहेरून येणारी वायर निळ्या भोकाऐवजी पिवळ्या भोकात खोचली होती. बस, एवढंच. राउटर घरातल्या मोबाईलना पत्ते वाटतो ना, तसे त्याने पिवळ्या भोकातून उलटे अख्ख्या इमारतीला पत्ते वाटायला सुरुवात केली. आमच्या राउटरांनी आवाज दिला, "पत्ता कोण देतंय?" आणि खऱ्याच्या आधी यानेच उत्तर दिलं. आम्ही सगळे त्याच्या दारात रांग लावून उभे, आणि त्याच्यामागे रस्ताच नाही.

त्या कुटुंबाचा काही दोष नव्हता, बिचारे घाबरले होते. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांच्याकडून हे चुकून झालं. मुद्दाम कोणी केलं असतं, आणि मागे रस्ताही ठेवला असता, तर नेट बंद पडलंच नसतं. आमचं सगळं येणंजाणं त्याच्या घरातून झालं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. बँकेच्या साइटचं कुलूप असतं म्हणून आतला मजकूर वाचता आला नसता, पण कोण कुठे जातंय ते कळलं असतं, आणि खोट्या पाटीवर नेऊनही सोडता आलं असतं. यावर उपाय आहे, जुनाच आहे. थोडा महागातला स्विच घेतला तर त्याला सांगता येतं की पत्ते फक्त या एका भोकातून येतील, आणि एका घराची वायर दुसऱ्या घराशी थेट बोलणार नाही. लाइनमनला हे माहीत होतं. तो म्हणाला, "शेठला सांगून बघतो." पेटीत अजून जुनाच स्विच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते: चार घरांचं एक नेट.

सुरक्षेवरचे लेख, व्हिडिओ, पोलिसांची व्याख्यानं, सगळीकडे एकच उपदेश: वायफायचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. हा उपदेश ज्याच्या घरात एकट्याचं कनेक्शन परवडतं त्याने लिहिलेला आहे. आमच्याकडे पाणी वाटून घेतात, आजारपणात रिक्षा वाटून घेतात, लॉकडाऊनमध्ये एका मोबाईलवर तीन घरांतल्या मुली अभ्यास करायच्या. त्यांना "देऊ नका" म्हणणं म्हणजे "शिकू नका" म्हणणं. असा उपदेश मी वर्गात करत नाही आणि करणार नाही.

पण त्यातला धोका खोटा आहे असंही नाही, आणि त्यासाठी लांब जायला नको. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला. तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून पाठवलेला निघाला. घरातल्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. ऑगस्टमध्ये पुढचा ईमेल, माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल गेला चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून. चेंबूर म्हणजे आमच्या गोवंडीच्या आधीचं स्टेशन. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत फिरणार असल्याच्या बातम्या आल्या होत्या.

आणि एक गोष्ट आपण शिक्षकांनी तरी स्पष्ट बोलावी. पोलीस दारात आले तर नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये जी विचारपूस होते आणि बैंगनवाडीतल्या खोलीत जी होते, त्यांत फरक असतो. कनेक्शन ज्याच्या नावावर, आधारची झेरॉक्स ज्याची, जाब त्याला. म्हणून इथे पासवर्डची काळजी जास्त घ्यायला हवी, कमी नाही. वाटून घ्या, पण कोणाकोणाला दिलंय ते आपल्याला माहीत असू द्या.

ते कसं, हे मी आठवीच्या वर्गात दोन तासिकांत केलं. घरून जुना राउटर नेला. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली होती, तुम्हीही घ्या. आधी मुलांना दाखवलं की राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, तो सगळ्यांना माहीत. दुसरा राउटरच्या आतल्या खोलीचा, तो बहुतेक वेळा कारखान्यातून आला तसाच: नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. ब्राउझरमध्ये डब्याखालचा पत्ता टाकायचा, आमच्याकडे १९२.१६८.१.१ असतो, आणि आत. वर्गात एकदम शांतता झाली. मग एक पोरगा म्हणाला, "बाई, मग हे कुणीपण करू शकतं?" हो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि राउटरांत असंच घुसून त्यांची फौज बनवली होती. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या मोडेमना असाच फटका बसला, तेव्हा कंपनीला लोकांना सांगावं लागलं की मुळातला पासवर्ड बदला.

दुसऱ्या तासिकेत मुलांनी आतलं पान स्वतः हाताळलं. ॲडमिनचा पासवर्ड बदलला. वायफायला डब्ल्यूपीए-२ लावलं, जुनं डब्ल्यूईपी तर २००१ मध्येच फुटलेलं आहे. बाहेरून राउटर चालवायची सोय बंद केली. डब्ल्यूपीएसचं बटणही. मग गेस्ट नेटवर्क चालू केलं. शेजाऱ्यांना हा पासवर्ड द्यायचा, घरचा वेगळा. बऱ्याच डब्यांत एक खूण केली की जोडलेले मोबाईल एकमेकांना दिसत नाहीत, फक्त नेट मिळतं. वाटपही झालं आणि भिंतही राहिली. पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणतात. मी म्हणते लिहा, आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवा. वायफायवरून घुसणारा तुमच्या तांदळाच्या डब्यापर्यंत येत नाही.

आमच्या केबलवाल्याशीही बोलले. त्याचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं होतं. "बाई, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला की लोक विसरतात. रात्री अकराला फोन मलाच." खरं आहे, त्या पोरांना महिन्याला मिळतं काय आणि ऐकावं लागतं किती! पण मग निदान दुकानाचं नाव तरी नको. डब्याच्या खाली प्रत्येकाचा वेगळा आकडा छापलेलाच असतो, तोच ठेव म्हटलं. "बघतो" म्हणाला.

शिक्षकांनो, आपल्याही अंगणात बघूया. शाळेतल्या वायफायचा पासवर्ड कार्यालयातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, पुढे वर्षानुवर्षं तोच. मुलांचे निकाल, आधार नंबर, खाते क्रमांक आपण त्याच नेटवरून भरतो. मी ज्या शाळांत राहिले त्यांत हेच बघितलंय, आणि एका फळ्यावर तो लिहिणारी मीच होते.

त्या वडिलांना मी ॲप टाकून दिलं नाही. असली बरीच ॲप मुलीचा सगळा मजकूर तिसऱ्याच कुणाकडे पाठवतात, तिथे ती कोण वाचतं हे आपल्याला कळत नाही. शिवाय मुलीला कळलं की ती शेजारणीच्या मोबाईलवर बघेल, बोलायची मात्र बंद होईल. त्यांना म्हटलं, मुलीलाच डब्याचं काम द्या. फसवणूक झालीच तर १९३० वर फोन करायचा, हे मात्र भिंतीवर लिहून ठेवा.

शेजारच्या काकूंना विचारून मुलीने राउटर उघडला. जोडलेल्या मोबाईलची यादी निघाली, अकरा. चारी घरांतले मोजले तर नऊ. दोन कुणाचे, कुणालाच माहीत नाही. घरात दोन दिवस भुताची गोष्ट ऐकावी तशी चर्चा. शेवटी गुरुवारी रात्री तिने पासवर्ड बदलला.

शुक्रवारी सकाळी मागच्या गल्लीतले शिलाई मशीनवाले काका भांडायला हजर. "नेट का बंद केलं? दोन वर्षं चालू होतं, केबलवाल्या पोरानेच दिलेलं!" एक मोबाईल त्यांचा, एक त्यांच्या मुलाचा. तो दहावीला आहे. त्यांना गेस्टचा पासवर्ड द्यायचा की नाही, आणि दिला तर महिन्याचे पैसे चारांत वाटायचे की पाचांत, यावर या आठवड्यापर्यंत एकमत झालेलं नाही.